ऊन वाढलं की बसणारा पंप : पारोळा तालुक्यातल्या एका सौर कृषिपंपाचं प्रकरण

"भाचा, हाई काय उलटं शे? सकायमा पंप मस्त चालस, ऊन तापनं का बसी जास."

२०२५ च्या फेब्रुवारीत मामांचा हा फोन आला, तेव्हा मी अमळनेरच्या माझ्या दुकानात एका जळालेल्या मोटारीचं वायंडिंग काढत बसलो होतो. सौरपंप सकाळी चालतो आणि भर उन्हात बंद पडतो, हे ऐकून आधी वाटलं की मामांची सांगताना काही तरी गफलत होतेय. ढग आला, पंप बसला, हे समजतं. पण ऊन वाढलं आणि पंप बसला? मामांनी मात्र पुन्हा तेच सांगितलं, आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "गहू चिकात शे रे."

नोव्हेंबरच्या विसाव्या तारखेच्या आसपास पेरलेला दीड एकर गहू. ऐंशी दिवस होऊन गेलेले. दाणे भरायच्या या दिवसांत पाणी तुटलं तर दाणा चिमतो, मग पुढे कितीही पाणी द्या. मामांकडे विजेचं कनेक्शन नाही. त्यांचं शेत गावापासून लांब, लाइनच्या शेवटच्या खांबापासूनही बरंच आत. विहीर साठ फुटांची आणि त्या वर्षी तिला पाणी चांगलं होतं. पाणी आहे, ऊन आहे, पंप आहे आणि गहू वाळतोय, अशी ती अडचण.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण बिघाड अंगठ्याएवढ्या एका तुकड्यात होता, पण तो सापडायला तीन आठवडे लागले. हे तीन आठवडे का लागले याचं उत्तर सरकार सौरतंत्रज्ञान बाजारात कसं आणतं यात आहे. आणि मी या सरकारी मदतीच्या बाजूचा माणूस आहे, हे आधीच सांगतो. ती नसती तर मामांच्या शेतात पॅनेल उभं राहिलंच नसतं.

पंप शेतापर्यंत कसा आला

भारतात सौरघट (सोलर सेल) बनवायला सत्तरच्या दशकातच सुरुवात झाली; साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने ते काम हाती घेतलं. सौरपंपांचे सरकारी कार्यक्रमही नव्वदच्या दशकापासून चालू आहेत. तरी २०१४ पर्यंत अख्ख्या देशात जेमतेम ११-१२ हजार पंप बसले होते. वस्तू होती, चालतही होती, पण शेतकऱ्याच्या आवाक्यात नव्हती.

किंमत खाली आली ती मोठ्या प्रकल्पांच्या रेट्याने. जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं आणि सरकारने ठरावीक वर्षांसाठी वीज विकत घ्यायची हमी दिली. पहिल्या लिलावात सर्वांत कमी बोली युनिटला १० रुपये ९५ पैशांची होती. २०१७ मध्ये राजस्थानच्या भडल्यात तीच २ रुपये ४४ पैशांवर आली. आपल्या खान्देशानेही या उतरणीला हातभार लावला आहे. साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला, तेव्हा देशातल्या मोठ्या सौरप्रकल्पांत त्याची गणना होती, आणि त्याला केएफडब्ल्यू या जर्मन सरकारी विकास बँकेचं कर्ज होतं. धुळ्याकडून नंदुरबारकडे जाताना लोक मुद्दाम गाडी थांबवून त्या निळ्या रांगा बघायचे. पॅनेल म्हणजे छतावरच्या बंबाचाच एखादा प्रकार, अशी आमच्या भागातली समजूत तिथून बदलायला लागली.

मग २०१९ मध्ये पीएम-कुसुम ही केंद्राची योजना आली. तिच्या 'ब' घटकात १७.५ लाख स्वतंत्र सौरपंपांचं उद्दिष्ट होतं. महाराष्ट्रात सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. केंद्राचे ३० टक्के आणि बाकीचा भार राज्याचा. पॅनेल देशातच बनलेलं हवं, त्यातले सेलसुद्धा देशी हवेत, ही अट. म्हणजे एका अनुदानात तीन कामं होती : शेतकऱ्याला पंप, देशी कारखान्याला गिऱ्हाईक आणि डिझेलची बचत. मला हा विचार आजही पटतो.

मामांची जमीन चार एकर, म्हणून ५ एचपी मंजूर झाला. सातबारा, आधार, विहिरीची नोंद, ऑनलाइन अर्ज आणि मग वाट पाहणं. २०२२ च्या उन्हाळ्यात पंप बसला. मामांच्या वाट्याचे पैसे मामींनी कापूस विकून बाजूला ठेवले होते. पहिल्यांदा पाणी पडलं त्या दिवशी मामींनी पॅनेलला हळदी-कुंकू लावलं. मामा त्या काचेवर कुंकवाचा डाग राहील म्हणून काळजीत होते.

पुढची अडीच वर्षं पंपाने काही कुरकुर केली नाही. वीज असलेल्या शेजाऱ्यांना तीन फेजची पाळी रात्रीची आली की साप-विंचवाच्या भीतीने बॅटरी घेऊन पाणी भरायला जावं लागायचं. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं वीजबिलही सरकार भरतं, पण रात्रीची पाळी ती रात्रीचीच. मामा दिवसा पाणी भरून संध्याकाळी घरी यायचे. सौरपंपाने शेतकऱ्याला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी आधी रात्रीची झोप सांगतो.

तीन तक्रारी

जानेवारीच्या शेवटी पंप दुपारी अडखळायला लागला. मामांनी हेल्पलाइनला फोन केला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट हीच राहील असं मला वाटतं. तक्रार नोंदवली गेली आणि दोन दिवसांनी मोबाइलवर संदेश आला की तक्रारीचं निवारण झालं. शेतात कुणी आलंच नव्हतं.

दुसऱ्यांदा फोन केल्यावर एक तंत्रज्ञ आला. दुपारी एकच्या सुमाराला. त्याने पंप बंद असतानाच पॅनेलच्या वायरींना मीटर लावला, ६४० व्होल्ट दाखवले. "पॅनेल एकदम ओके आहे काका, विहिरीत पाणी कमी पडत असेल." मामांनी त्याला विहिरीच्या काठावर नेऊन पाणी दाखवलं. तो म्हणाला, मग मोटार काढून बघावी लागेल, वेगळी माणसं येतील. ती आली नाहीत.

तिसऱ्या वेळी फोनवरची मुलगी नम्रपणे म्हणाली, "काका, आमच्या स्क्रीनवर तुमचा पंप आजही चाललेला दिसतोय."

ती खोटं बोलत नव्हती. या पंपांच्या कंट्रोलरला (पॅनेलची वीज मोटारीला देणाऱ्या पेटीला) सिमकार्ड असलेली एक डबी जोडलेली असते. पंप किती तास चालला, किती युनिट झाले, हे ती रोज कळवते. सरकारचा पैसा लागलेला पंप खरंच शेतात आहे, चालतोय, कुणी विकून तर टाकला नाही, हे कळण्यासाठी ही सोय केली आहे आणि ती गरजेची आहे. मामांचा पंप रोज सकाळी साडेआठ ते पावणेअकरा आणि चारनंतर तासभर चालत होता. डबीने इमानाने 'चालला' असं कळवलं. किती चालायला हवा होता हे मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं. फेब्रुवारीतल्या स्वच्छ उन्हात ४,८०० वॅटच्या पॅनेलवर दिवसाला वीसेक युनिट सहज व्हावेत. मामांच्या पंपाचे सहा-सातच होत होते. हा आकडा स्क्रीनवर होता. बघणाऱ्याला तो कमी आहे हे कळायला ना आधीच्या वर्षाशी तुलना होती, ना शेजारच्या पंपाशी.

रविवार

मी रविवारी सकाळी सातलाच पोहोचलो. २०१८ मध्ये मी सूर्यमित्र प्रशिक्षण केलं होतं. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा, २०१५ मध्ये सुरू झालेला, ६०० तासांचा मोफत निवासी अभ्यासक्रम. त्यात शिकलेली एक गोष्ट त्या दिवशी उपयोगी पडली : भार नसताना मोजलेल्या व्होल्टेजवर कधी विश्वास ठेवायचा नाही.

मामांकडे १५ पॅनेल आहेत, सगळी एकाच माळेत जोडलेली. वरच्या ओळीत आठ, खालच्या ओळीत सात. फुलांच्या माळेसारखंच, एका ठिकाणी दोरा तुटला की सगळी माळ गेली. एकेका पॅनेलचे ४५ व्होल्ट धरले तरी माळेचे पावणेसातशेच्या आसपास जातात. पॅनेल तापलं की थोडे उतरतात. हा डीसी करंट आहे. आमच्या वायरमन मंडळींना ४१५ व्होल्टच्या तीन फेजची सवय असते, आणि "उन्हाची वीज काय लागणार" असं म्हणणारेही आहेत. एसीची ठिणगी लवकर तुटते. डीसीची ठिणगी लांबत जाते, तुटत नाही, आणि हात-तोंड भाजून काढते. चालू पंपाचा जोड कधीही ओढून काढू नका. आधी कंट्रोलर बंद करायचा, मग आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच); आणि शक्य असेल तर काम सूर्य मावळल्यावरच करायचं.

साडेआठला पंप सुरू झाला, पाइप भरून पाणी. नऊ वाजता क्लॅम्प मीटरवर ४ अँपिअर. साडेदहाला ७. व्होल्टेज ५३० च्या आसपास स्थिर. मी मीटर कंट्रोलरच्या तोंडाशी धरून बसलो आणि मामा बाजूला उकिडवे बसून माझ्याकडे न बघता आकड्याकडे बघत होते. पावणेअकरा वाजून गेले आणि आकडा घसरायला लागला. ५००. ४७०. ४३०. कंट्रोलरने हात वर केले, मोटार थांबली. त्याच क्षणी मीटरवर पुन्हा ६३५!

इथेच आधीचा तंत्रज्ञ फसला होता. पंप थांबला की करंट नाही; करंट नाही तर खराब जोडावर व्होल्टेज पडत नाही, आणि मीटर सांगतो की सगळं झकास.

मोटारीच्या बेअरिंगचं तापमान बघायला मी एक इन्फ्रारेड गन ठेवतो. पंप परत सुरू होताच ती घेऊन पॅनेलच्या मागे गेलो आणि एकेका जोडावर धरली. ४१ अंश. ४३. ४२. असंच चालत आलं. आठवं पॅनेल संपून नववं सुरू होतं तिथे, वरच्या ओळीतून खालच्या ओळीत उतरणाऱ्या जास्तीच्या वायरीवर, गन ९४ वर गेली. काळा प्लास्टिकचा जोड एका बाजूने तपकिरी झालेला, कडेला किंचित वितळलेला. नाक जवळ नेलं तर जळक्या बेकेलाइटसारखा वास.

या जोडांना सगळे एमसी-फोर म्हणतात. पॅनेलला कारखान्यातून आलेले जोड एकमेकांत चपखल बसतात. पण दोन ओळींना जोडायला लागणारी वायर शेतावर कापली जाते, तिच्या टोकांना जोड शेतावरच बसवले जातात. इथे बसवलेला जोड दुसऱ्याच बनावटीचा होता. बाहेरून सारखे दिसतात, "टक" असा आवाजही येतो, पण आतली धातूची नळी आणि खिळा यांची मापं केसभर वेगळी असतात. त्यात भर म्हणजे नळी क्रिंपिंगच्या (वायर नळीत पक्की दाबायच्या) हत्याराने न दाबता साध्या पकडीने चेपलेली.

आता मामांचं कोडं सुटतं. जोडात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. सकाळी ४ अँपिअर आणि दुपारी ८, म्हणजे करंट दुप्पट पण उष्णता चौपट. सकाळी तो जोड कसाबसा तग धरायचा. ऊन चढलं, करंट वाढला, जोड तापला, आतली पकड सैल झाली, अडथळा आणखी वाढला, व्होल्टेज कोसळलं आणि पंप बसला. थंड झाला की पुन्हा चालू. अकरा ते तीन तो असाच हुंदके देत राहायचा. ऊन वाढलं की पंप बसतो, हे मामांचं निरीक्षण पहिल्या दिवसापासून तंतोतंत बरोबर होतं. तीन तक्रारींत त्यांनी हेच वाक्य सांगितलं होतं आणि नोंद झाली होती 'पंप बंद' अशी.

दुरुस्ती कुणी करायची

माझ्या पेटीत जोड होते, क्रिंपिंगचं हत्यार होतं. काम अर्ध्या तासाचं. पण पंप हमीत होता. बाहेरच्या माणसाने वायर कापली तर पुढे काहीही झालं तरी "तुम्ही हात लावलात" हे ऐकावं लागेल, आणि नियमाने ते बरोबरही ठरेल. योजनेत पाच वर्षांची देखभाल पुरवठादारावर आहे, प्रत्येक जिल्ह्यात सेवा केंद्र आणि स्थानिक भाषेत हेल्पलाइन हवी ही अटही आहे. ही अट शेतकऱ्याच्या भल्याची आहे, ती मी मोडावी असं मला वाटलं नाही. मामा माझ्याकडे बघत होते आणि मी पेटी बंद केली. ते मला जड गेलं.

मी सगळ्याचा व्हिडिओ काढला. पंप चालू असतानाचं घसरणारं व्होल्टेज, गनवरचा ९४ चा आकडा, तपकिरी जोड. तो तक्रारीसोबत पाठवला. मध्ये चार दिवस गेले. मामांनी भाड्याने डिझेल इंजिन आणलं. तासाला साधारण लिटरभर डिझेल, लिटरला नव्वदच्या घरात, वर इंजिनाचं भाडं. दीड एकरातलं एक एकर भिजलं. बांधाकडचा अर्धा एकर राहिला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी बाविशीतला एक मुलगा मोटारसायकलवर आला. दोन जिल्हे त्याच्या एकट्याकडे. सकाळी नंदुरबारकडचा पंप करून तो निघाला होता. पाठीवरच्या पिशवीत जोड होते, पण क्रिंपिंगचं हत्यार नव्हतं. त्याने पकड बाहेर काढली. मी त्याला माझं हत्यार दिलं आणि कसं दाबायचं ते दाखवलं. दिवस मावळल्यावर, मामांनी धरलेल्या बॅटरीच्या उजेडात आम्ही दोघांनी त्या वायरीची दोन्ही टोकं नवीन केली. मुलगा हुशार होता. हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. मामींनी त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. कळण्याची भाकरी आणि ठेचा.

दुसऱ्या दिवशी पंप संध्याकाळी पाचपर्यंत सलग चालला. बांधाकडच्या अर्ध्या एकरातला गहू मात्र चिमला होता. मळणीनंतर मामांनी तो वेगळा ठेवला, कोंबड्यांसाठी.

मला यातून काय दिसतं

सरकारी मदतीने पॅनेल स्वस्त झालं, त्याला मानक आलं, देशी कारखान्याला काम मिळालं. पॅनेल प्रयोगशाळेत तपासलं जातं, कंट्रोलर तपासला जातो, पंप किती खोलीवरून किती पाणी काढतो हेही तपासलं जातं. शेतात संध्याकाळच्या घाईत माणसाने केलेला जोड मात्र कुठल्याच प्रयोगशाळेतून जात नाही. बसवणाऱ्या टोळ्यांना पंपामागे पैसे मिळतात, आज हा उरकून उद्या पुढचा. पाहणी करणारा येतो तेव्हा पाणी पडतंय का बघतो, फोटो काढतो. भर दुपारी, पूर्ण करंट वाहत असताना गन फिरवायला दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं पाहणीच्या कागदावर असायला हवीत, एवढं माझं ठाम मत आहे.

दुसरं दुरुस्तीचं. आमच्या भागात डिझेल इंजिन आलं तेव्हा त्याचा बाजार झाला तो दर तालुक्याला चार मेकॅनिक उभे राहिले म्हणून. बोअरच्या मोटारीचंही तेच. माझं दुकान त्याच्यावरच चालतं. सौरपंप आले ते हमीच्या कुलपात. पाच वर्षं तालुक्यातल्या कुणी हात लावायचा नाही, म्हणून कुणी शिकत नाही, सुटे भाग ठेवत नाही, आणि सहाव्या वर्षी शेतकरी आमच्याकडे येईल तेव्हा आम्ही कोरे. सरकारच्याच पैशाने तयार झालेले सूर्यमित्र जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत. कितीतरी जण आज मोबाइल दुकानात किंवा सुरतेला आहेत. हमीच्या काळातच त्यांना पुरवठादाराचे अधिकृत दुरुस्तीवाले म्हणून तालुकावार नोंदवलं, पंपामागे ठरावीक मोबदला दिला, तर नंदुरबारहून पारोळ्याला एकट्या पोराला मोटारसायकल मारत यावं लागणार नाही. हे मी महावितरण आणि महाऊर्जा (राज्याची अपारंपरिक ऊर्जेची संस्था) यांच्या जिल्हा कार्यालयांना लेखी कळवलं आहे.

आणि ती डबी. तिने रोजचे युनिट आसपासच्या पंपांशी ताडून बघितले, तर मामांच्या आधी स्क्रीनच ओरडली असती. त्यासाठी नवं यंत्र नको, आकडे आधीच जमा होत आहेत.

त्यानंतर त्या शिवारातल्या आणखी सात सौरपंपांवर मी मालकांच्या संमतीने दुपारी गन फिरवली. पाच ठीक होते. सहाव्यावर ५८. सातवा पंप मामांच्या चुलत बहिणीचा. तिथे तोच, दोन ओळींमधला जोड, ७१. "मावशी, पंप कधी अडखळतो का?" "नही रे भो, अजून तं मस्त शे." हेल्पलाइनवर पंप बंद असेल तरच तक्रार घेतात, म्हणून मावशींच्या नावाने फोटोसह अर्ज केला. त्यांच्याही शेतात त्या वेळी मका उभा होता, कणीस धरायच्या बेतात.